वनस्पती म्हणजे मुळात उंबर!

नववीतल्या एका मुलीने विचारलं आहे: "आजी म्हणते उंबराला फूल नसतं. मग उंबर अपुष्प वनस्पतींत धरायचा का? आणि झाड नि वनस्पती यांत फरक काय?"

दुसऱ्या प्रश्नाने माझी खपलीच काढली. सोलापुरात विजापूर रोडला एका रोपवाटिकेची पाटी आहे, 'येथे झाडे व वनस्पती मिळतील'. येता-जाता वाचतो आणि दर वेळी चिडतो. झाडं वनस्पती नव्हेत, तर काय दगड आहेत? आज झाड, झुडूप, वेल, गवत, नेचे, सगळं वनस्पतींतच येतं. एवढं उत्तर पुरे.

खरी गंमत मूळ अर्थात आहे. चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, चार वर्ग दिलेत. फळ पिकलं की जिचं आयुष्य संपतं ती ओषधी. आपली मंगळवेढ्याची ज्वारी घ्या, कणीस भरलं की ताट वाळायला लागतं. (औषध हा शब्द या ओषधीवरूनच आला.) पसरत जाते ती वीरुध. फूल आणि फळ दोन्ही दाखवतो तो वानस्पत्य, उदाहरणार्थ आंबा. आणि 'फलैर्वनस्पतिः'! फूल न दाखवता थेट फळ धरतो तो वनस्पती. म्हणजे वड, पिंपळ, पायरी (आंब्यातली नव्हे, पिंपळाच्या जातकुळीतली), उंबर अशी झाडं. ज्या शब्दात आज आपण अख्खी हिरवी सृष्टी कोंबतो, तो एके काळी उंबराच्या भावकीचा मान होता.

हा मान त्यांनाच का? भाषाशास्त्रज्ञ 'पति'चं नातं लॅटिन 'पोटिस'शी जोडतात आणि 'वनाचा मालक' म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. आपली जुनी व्युत्पत्ती 'पाति इति पतिः' अशी आहे. जो पाळतो, तो पती. उंबर रान पाळतो, हे चैत्रात आमच्या विहिरीवर येऊन बघा. पारा बेचाळिशीला टेकलेला, आजूबाजूला खायला काही नाही आणि उंबराच्या बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फळांचे घोस लगडलेले. तांबट, कोकीळ, बुलबुल, रात्री वटवाघळं, खाली पडलेल्यावर शेळ्या. पर्यावरणाचे अभ्यासक अशा झाडाला आधारस्तंभ मानतात. 'वनस्पती' शब्द घडवणाऱ्यांना हे दिसलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

'त्यांना उंबराचं फूल सापडलंच नाही' असं हसून सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी मराठी तरी नीट ऐकावी. 'उंबर फोडून केंबरे काढणे' हा वाक्प्रचार काय घरबसल्या सुचला? अर्धं पिकलेलं उंबर नखाने फोडा. आतल्या भिंतीला मोहरीहून बारीक शेकडो फुलं दाटीने चिकटलेली दिसतात आणि त्यांतून चिलटाएवढे केंबरे उडतात. केंबऱ्याची मादी फळाच्या टोकाच्या खवलेदार छिद्रातून आत घुसते. घुसताना बहुधा पंख तुटतात. अंगावरचे परागकण फुलांना लागतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतल्या माद्या नवे पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांचं आयुष्य जेमतेम दिवस-दोन दिवसांचं, त्यामुळे तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या उंबराची कोवळी फळं तयार असावीच लागतात. म्हणून सगळे उंबर एकदम फळत नाहीत, आळीपाळीने फळतात आणि रानाला वर्षभर खायला मिळतं. उंबराच्या भावकीची आणि या कीटकांची ही सोबत काही कोटी वर्षांची आहे.

हां, अपुष्प राहिलं. पावसाळ्यात भुईकोट किल्ल्याच्या तटावर हिरवी मखमल धरते ते मॉस, आणि नेचे, हे अपुष्प. त्यांना फूल नाही, बी नाही, ते बीजाणूंवर, म्हणजे धुळीसारख्या बारीक कणांवर, वाढतात. जमिनीवर ते आधी आले, फुलं फार उशिरा, साधारण 13 कोटी वर्षांपूर्वी. पण आज सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 3 लाख जाती आहेत, तर मॉस आणि त्याच्या नातलगांच्या 20 हजारांच्या आसपास. शाळेच्या पुस्तकात अपुष्पांना 'अबीजपत्री' म्हणतात, ते मला मुळीच मान्य नाही. बीजपत्र म्हणजे बियांतलं दल. जिथे बीच नाही तिथे पत्राची उठाठेव कशाला? सरळ 'अबीजी' म्हणा.

तर मुली, पेपरात लिही: उंबर सपुष्प, आवृत्तबीजी (बी फळात झाकलेलं), द्विदल (बियांत दोन दलं). आजीला मात्र खोटं पाडू नकोस, एक उंबर फोडून दाखव. आणि त्या पाटीवर 'झाडे व रोपे' हवं होतं.