चौघांचे फोन, एकच बिल: परवडतं का?

मोबाइलच्या फॅमिली प्लॅनविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. दर जुलै २०२४च्या दरवाढीनंतरचे आणि केवळ बोलण्याचे प्लॅन जानेवारी २०२५मध्ये आले तेव्हाचे आहेत. कंपन्या दर गुपचूप बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये एकदा पाहून घ्या.

प्रश्न : घरात मी, पत्नी, कॉलेजला जाणारी मुलगी आणि आई. चौघांनाही दर २८ दिवसांनी ३४९चं रिचार्ज मारतो, रोज २ जीबी मिळतात. घरी वायफाय आहे. दुकानदार म्हणतो, पोस्टपेड फॅमिली प्लॅन घ्या, निम्म्यात काम होईल. खरं का? (सातारा)

निम्म्यात होणार नाही. पण तुमचे पैसे जास्त जाताहेत, हे मात्र खरं.

२८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. ३४९ गुणिले १३ गुणिले ४, म्हणजे १८,१४८ रुपये. जिओच्या ४४९च्या पोस्टपेडमध्ये मुख्य नंबरला ७५ जीबी मिळतात आणि आणखी तीन नंबर प्रत्येकी १५० रुपयांत जोडता येतात, प्रत्येकासोबत ५ जीबी. चौघांचे झाले ८९९. इथे दुकानदार थांबतो. प्रीपेडच्या छापील दरात जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या दरात नसतो. १८ टक्के चढवले की बिल येतं १,०६०.८२ रुपये, वर्षाचे साधारण १२,७३०. एअरटेलचा चार जोडण्यांचा १,१९९चा प्लॅन करासकट १,४१४.८२ला पडतो, वर्षाचे जवळपास १७,०००. त्यात ओटीटीच्या वर्गण्या असतात. त्या तुम्ही एरवी विकत घेत असाल तरच त्यांची किंमत हिशेबात धरा.

आता प्रीपेडमध्येच राहून काय होतं ते पाहा. प्लॅनची तुलना करताना एकूण रक्कम बघू नका, दिवसाचा दर काढा. ३४९ भागिले २८ म्हणजे १२.४६ रुपये. तेच रोजचे २ जीबी जिओच्या ८४ दिवसांच्या ८५९मध्ये १०.२३ला मिळतात. जिओच्याच ३,५९९च्या वार्षिक प्लॅनमध्ये रोज २.५ जीबी मिळून दर ९.८६. मुलीला हा वार्षिक प्लॅन, तुम्हा दोघांना ७९९चा (८४ दिवस, रोज १.५ जीबी) आणि आईंना केवळ बोलण्याचा प्लॅन (त्याबद्दल पुढे) दिलात, तर चौघांचा वर्षाचा खर्च साडेबारा हजारांच्या आत बसतो. म्हणजे फॅमिली प्लॅनच्या बरोबरीने, किंबहुना किंचित कमीच.

मग निवड कशावर करायची? डेटा कसा खर्च होतो त्यावर. प्रीपेडचा रोजचा कोटा रात्री बारा वाजता कोरा होतो, उरलेला वाया जातो. पोस्टपेडचे ९० जीबी महिनाभर कधीही, कोणीही वापरा. आठवडाभर वायफायवर आणि शनिवार-रविवार प्रवासात अशी राहणी असेल तर एकत्र कोटा सोयीचा. पण हॉस्टेलवर राहून मोबाइलवरच सगळं पाहणारी मुलगी ९० जीबी एकटी संपवू शकते. ४८० पिक्सेलवर तासाभराचा व्हिडिओ साधारण अर्धा जीबी खातो, १०८० वर दीड ते दोन. पोस्टपेडचा कोटा संपल्यावर पुढच्या जीबीला काय दर लागतो आणि सिमसाठी अनामत किती, हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारा.

ठरवण्याआधी प्रत्येकाच्या फोनमध्ये सेटिंग्जमधला ‘डेटा युसेज’ उघडून गेल्या दोन महिन्यांचे मोबाइल डेटाचे आकडे कागदावर उतरवा. वायफायचा आकडा वेगळा दिसतो, तो यात मिसळू नका. कित्येक घरांत चारांपैकी दोन जण रोजच्या २ जीबीतला पाव भागही वापरत नसतात.

प्रश्न : मी पुण्यात, आई-बाबा संगमेश्वर तालुक्यात. बाबांकडे साधा बटणांचा फोन आहे. सगळ्यांना माझ्याच फॅमिली प्लॅनवर घेतलं तर गावी रेंज मिळेल का? (पुणे)

फॅमिली प्लॅनची खरी अडचण हीच. सगळं घर एका कंपनीच्या दावणीला बांधलं जातं, आणि रेंज घराला नसते, जागेला असते. ज्याच्या जागी रेंज सर्वांत कमी, त्याच्याकडून निवड सुरू करायची. पुण्यात चारही कंपन्या चालतात. संगमेश्वरच्या वाडीत एखादीच धड चालते.

आधी बाबांचा फोन पाहा. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे टूजी बटणफोनमध्ये ते सिम मुळीच चालणार नाही. फोरजी आणि व्होल्टी (फोरजीवरूनच बोलण्याची सोय) असलेला बटणफोन लागेल. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांचं टूजी अजून सुरू आहे. जुन्या दोन सिमच्या काही फोनांत दुसरा कप्पा फक्त टूजीचा असतो. तिथे फोरजी सिम घालून ‘नो सर्व्हिस’ आलं की लोक कंपनीला शिव्या घालतात, दोष कप्प्याचा असतो. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी सप्टेंबर २०२५मध्ये देशभर सुरू झालं. पण हातात जुनं टूजी-थ्रीजी सिम असेल तर ते बदलून घ्यावं लागतं आणि फोनमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा २८ नंबरचा बँड (लहरींचा पट्टा) असलेला बरा.

मग रेंज मोजा. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे आहेत, दूरसंचार नियामक ट्रायने ते सक्तीचे केले आहेत. पण नकाशा बाहेरच्या उघड्या जागेचा असतो. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रा असलेल्या घरात आतली गोष्ट वेगळी. म्हणून ज्या कंपनीचा विचार आहे तिचं एक स्वस्त प्रीपेड सिम घ्या आणि पुढच्या खेपेला गावी गेलात की स्वतःच्या फोनच्या दुसऱ्या कप्प्यात घाला. कांड्या मोजू नका, त्या प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या असतात. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’, म्हणजे सिग्नलची ताकद, डीबीएम या एककात दिसते. आकडा उणे असतो. फोरजीवर उणे ९०च्या आसपास उत्तम, उणे १०५पर्यंत बोलणं व्यवस्थित, उणे ११५च्या पुढे आवाज तुटतो. दर ३ डीबीएमला ताकद निम्मी होते, त्यामुळे ९५ आणि १०४ यांतला फरक दिसतो त्याहून फार मोठा, आठपट आहे.

हे आकडे पडवीत, स्वयंपाकघरात, माजघरात आणि बाबा झोपतात त्या खोलीत घ्या. रात्री नऊच्या सुमारास एक व्हिडिओ कॉल लावून पाहा. गर्दीच्या वेळी सिग्नल चांगला असूनही नेट रांगतं, कारण टॉवर एकच आणि वापरणारे अनेक. शेजाऱ्यांना हेही विचारा : लाइट गेल्यावर रेंज किती वेळ टिकते? टॉवरच्या बॅटऱ्या जुन्या असतील तर पावसाळ्यात वीज गेली की तासाभरात सगळी वाडी संपर्काबाहेर जाते. हे कोणत्याच नकाशावर सापडत नाही.

घरात ब्रॉडबँड असेल तर आईंच्या स्मार्टफोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करा. आतल्या खोलीतही फोन स्पष्ट लागेल, फक्त राउटरला इन्व्हर्टर हवा.

आई-बाबांना तुमच्या बिलात आणण्याचा हट्ट नको. दोघांचं नेटवर्क तिथलं, तुमचं इथलं आणि रिचार्ज तुम्ही तुमच्या अ‍ॅपमधून करा.

प्रश्न : आजी फक्त फोनवर बोलते. तिलाही डेटाचे पैसे भरावेच लागतात का? (जळगाव)

नाही. ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये नियमात दुरुस्ती करून केवळ बोलणं आणि एसएमएस असलेला प्लॅन कंपन्यांना बंधनकारक केला. जिओने ४४८ (८४ दिवस) आणि १,७४८ (३३६ दिवस), तर एअरटेलने ४६९ (८४ दिवस) आणि १,८४९ (३६५ दिवस) असे प्लॅन आणले. यादीत ते बरेच खाली असतात आणि दुकानात आपणहून कोणी सुचवत नाही, नाव सांगून मागा. जिओचे ३३६ दिवस म्हणजे वर्ष नव्हे, २९ दिवस कमी. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. आजीचं पेन्शनचं खातं त्या नंबरला जोडलेलं असेल तर मुदत चुकवू नका. नव्वद दिवस वापर नसलेला नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो.

प्रश्न : प्लॅनवर ‘अनलिमिटेड ५जी’ लिहिलंय, तरी दुपारीच डेटा संपल्याचा मेसेज येतो. (नागपूर)

फोन ५जीवर असेल तेवढाच वेळ ते अमर्याद. घरात शिरल्यावर फोन ४जीवर उतरतो आणि रोजचा कोटा खायला लागतो. वरच्या पट्टीत काय दिसतं ते दिवसभर पाहा. जिओचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या स्वतंत्र यंत्रणेवर चालतं, काही जुन्या ५जी फोनांना त्यासाठी सॉफ्टवेअर अपडेट लागतो. शिवाय जिओ आणि एअरटेलची ही सवलत साधारणपणे रोज २ जीबी किंवा अधिकच्या प्लॅनवर असते, दीड जीबीवर नाही. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो : साधा मेसेज जातो, यूपीआय मात्र फिरत बसतं. फोटोंचा बॅकअप ‘फक्त वायफायवर’ करून ठेवा, बहुधा खरा चोर तोच.

प्रश्न : भावाच्या फॅमिली प्लॅनवर माझा नंबर आहे. मला बाहेर पडायचंय, नंबर तोच राहील? (सोलापूर)

राहील, पण आधी सिम कोणाच्या नावावर आहे ते पाहा. भावाच्या नावावर असेल तर कंपनीच्या दुकानात दोघांनी कागदपत्रांसह जाऊन नाव बदलून घ्या, पोर्टिंग (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं) नंतर. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं.

पोर्ट करण्यासाठी आताच्या नेटवर्कवर ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडची थकबाकी शून्य हवी. फॅमिली बिलात हीच गोम आहे : थकबाकी भावाची असली तरी तुमची विनंती अडू शकते. सगळं चुकतं केल्यावर इंग्रजी अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९००वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीकडे अर्ज द्या, एकाच सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर हलतो. सिम हरवून नुकतंच बदललं असेल तर सात दिवस हा कोड मिळत नाही. जुलै २०२४पासूनचा नियम आहे.

प्रश्न : घर सावंतवाडीला, नोकरी पणजीला. रोमिंगचे पैसे लागतील का? (सिंधुदुर्ग)

नाही. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच मोडतो. मुंबई मात्र वेगळं सर्कल आहे, त्यामुळे मुंबईचा नंबर इथल्या कंपनीकडे पोर्ट करायला तीनऐवजी पाच दिवस धरा.