ट्रान्झिशन अडकलं म्हणून फोर्स करू नका, आधी अडकवतंय कोण ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम ठसठसली. बाकीच्यांसाठी थोडक्यात: लाइव्ह पॅचिंग म्हणजे मशीन रीबूट न करता चालू लिनक्स कर्नलमधली (सिस्टिमच्या गाभ्यातली) फंक्शन बदलणं. त्यासाठीचं, रेड हॅटच्या केपॅचवर बेतलेलं कंपनीचं टूल आधीचा माणूस सोडून गेल्यामुळे पोस्ट लिहिणाऱ्यांच्या गळ्यात पडलंय. चाचणीच्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) पॅच काही सेकंदांत लागतो, प्रॉडक्शनच्या एका मशीनवर मात्र ट्रान्झिशनची, म्हणजे जुन्या कोडवरून नव्यावर जाण्याची, फाइल रात्रभर १ च ('अजून चालू') दाखवते. मॅनेजर म्हणतात 'फोर्स करून मोकळे व्हा', म्हणजे ते जबरदस्तीने संपवा. आणि प्रश्न असा की चाचणीत नक्की काय राहून गेलं.

आधी डिस्क्लेमर. मी कर्नल डेव्हलपर नाही, टूल सांभाळणारा आहे. अनुभव सगळा एक्स८६ वरचा आणि बहुतेक रेड हॅट घराण्यातल्या कर्नलचा. तुमचं कर्नल जुनं असेल तर काही गोष्टी वेगळ्या दिसतील. कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये तशीच डकवू नका. बिल्ड दोनदा का होतं, डीबगइन्फो का लागतो वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

मुळात ट्रान्झिशन 'फेल' होत नाही, ते वाट बघतं. यामागे इतिहास आहे. २०१४ मध्ये रेड हॅटचं केपॅच आणि सुसेचं केग्राफ्ट जवळपास एकाच वेळी आले. केपॅच सगळे सीपीयू क्षणभर थांबवायचं, प्रत्येक टास्कचा (चालू प्रोसेस किंवा थ्रेडचा) स्टॅक, म्हणजे तो आत्ता कोणकोणत्या फंक्शनच्या आत आहे ती साखळी, तपासायचं आणि बदलायचं फंक्शन कुणाच्याही स्टॅकवर सापडलं तर पॅच नाकारायचं. केग्राफ्ट कुणालाच थांबवत नसे, एकेका टास्कला सवडीने नव्या कोडवर न्यायचं. २०१५ ला ४.० कर्नलमध्ये लाइव्हपॅचचा सामाईक पाया आला, पण सुसंगती कशी राखायची हा वाद मिटायला २०१७ चं ४.१२ उजाडलं. तिथे दोन्हींची सांगड घातली: टास्क एकेक करून हलवायचे, पण झोपलेल्याचा स्टॅक तपासूनच. ज्याच्या स्टॅकवर जुनं फंक्शन आहे, तो त्यातून बाहेर पडेपर्यंत थांबायचं. कितीही वेळ. ही सोय आहे, बिघाड नाही. पण हे मंजुरीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांना कोण सांगणार?

आता माझं रडगाणं. एका मोठ्या ग्राहकाकडे बदल मंजूर करणारा एक विभाग होता. नाव घेत नाही, गरजही नाही, असा विभाग बऱ्याच ठिकाणी असतो. त्यांच्या फॉर्मवर दोनच चौकटी: 'यशस्वी' आणि 'अयशस्वी'. 'चालू आहे, यंत्रणा शाबूत आहे, थांबायला हरकत नाही' अशी तिसरी चौकट नव्हती. मी ती मागितली तर उत्तर आलं की साच्यात बदल करायलाही बदल-मंजुरी लागते. मग त्यांनी स्वतःच्या डोक्याने रनबुकात (कामाच्या पायऱ्यांच्या यादीत) एक ओळ घातली: ठरलेल्या वेळात ट्रान्झिशन संपलं नाही तर फोर्स करणे. मी लेखी हरकत घेतली, ती 'नोंद घेतली' या शेऱ्यासह परत आली.

त्या पॅचमध्ये एनएफएस (नेटवर्कवरची फाइल सिस्टिम) क्लायंटच्या दोन फंक्शनना हात लागला होता. जुन्या कोडमध्ये लॉक घेणं आणि सोडणं दोन्ही आतल्या फंक्शनमध्ये होतं. नव्यात लॉक बाहेरचं फंक्शन घेणार आणि आतलं सोडणार. लाइव्ह पॅचसाठी ही रचना धोक्याची, पण सुसंगतीचा नियम पाळला तर चालणारी, कारण कोणताही टास्क एक तर पूर्ण जुन्यावर असतो किंवा पूर्ण नव्यावर. आता एका मशीनवर एनएफएस सर्व्हर मेलेला, माउंट हार्ड, म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत वाट बघणारं. मॉनिटरिंगने चालवलेली डीएफ कमांड (डिस्कवरची जागा दाखवणारी) त्याच बाहेरच्या फंक्शनच्या पोटात डी स्टेटमध्ये, म्हणजे साध्या सिग्नलने न मोडणाऱ्या झोपेत. स्टॅक काढला असता तर सगळ्यात वर आरपीसी_वेट_बिट_किलेबल हे सर्व्हरच्या उत्तराची वाट बघणारं फंक्शन दिसलं असतं. कर्नल अडलेल्या टास्कना मधूनमधून खोट्या सिग्नलने ढोसतं खरं, पण अशी झोप त्याने मोडत नाही.

स्क्रिप्टने वेळ संपल्यावर फोर्स केलं. फोर्सचा अर्थ इतकाच की कर्नल त्या टास्कच्या नावापुढे 'नवा' असं लिहून टाकतं. स्टॅक जिथे होता तिथेच राहतो. पुढे सर्व्हर परत आला, डीएफ जागी झाली, जुन्या बाहेरच्या फंक्शनमध्ये परतली, तिथून आतलं फंक्शन बोलावलं गेलं आणि ते मिळालं नवं. बाहेरच्याने लॉक घेतलंच नव्हतं, आतल्याने ते सोडलं. निम्मा खटला जुन्या कायद्याने आणि निकाल नव्या कायद्याने, तसं झालं. लॉकचा हिशेब बिघडला, त्यामागे एकेक प्रोसेस अडकत गेली आणि शेवटी मशीन रीबूट करावंच लागलं. रीबूट टाळण्यासाठी तर हा सगळा उद्योग होता! अहवालात कारण काय लिहिलं? 'कर्नलमधील दोष'. फोर्सचा उल्लेख परिशिष्टात.

शिवाय फोर्स वापरलं की ते पॅच मॉड्यूल पुन्हा कधीच काढता येत नाही, कारण त्याच्या कोडमध्ये कुणी झोपलेलं नाही याची खात्री कर्नलला उरत नाही. कर्नलच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय. मॅनेजरना तो परिच्छेद छापून द्या.

मग करायचं काय? ट्रान्झिशन चालू असताना पॅचच्या एनेबल्ड फाइलमध्ये ० लिहा. बस. ट्रान्झिशन उलटं फिरतं, जे टास्क नव्यावर गेले ते जुन्यावर परत येतात. जो अडकला होता तो तर अजून जुन्यावरच आहे, म्हणून उलटं जाताना तो आडवा येत नाही. ही माघारीची वाट इतकी सोपी असूनही मला भेटलेल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हती. आणि मशीन मोकळं करणं गरजेचंही आहे, कारण एका वेळी एकच पॅच ट्रान्झिशनमध्ये असू शकतो. हा लटकलेला असेपर्यंत पुढचा तातडीचा पॅच लागणार नाही.

माघार घेण्याआधी मात्र गुन्हेगार शोधा. प्रोक या फोल्डरखाली प्रत्येक टास्कला पॅच_स्टेट नावाची फाइल असते. -१ म्हणजे ट्रान्झिशन चालू नाही, ० म्हणजे जुन्यावर, १ म्हणजे नव्यावर. पॅच लावताना ० दाखवणारे तेवढे आपले. इथे बरेच जण फसतात: फक्त पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) फोल्डरमध्ये बघतात. थ्रेड त्याच्या आतल्या टास्क फोल्डरमध्ये असतात आणि अडकलेला बहुतेकदा थ्रेडच असतो. सापडला की त्याचा स्टॅक वाचा. डायनॅमिक डीबग (कर्नलचे जादा संदेश) चालू करता येत असेल तर लाइव्हपॅचच्या ट्रान्झिशन फाइलपुरतं करा. मग डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) कर्नल स्वतःच सांगतं की अमुक टास्क अमुक फंक्शनवर झोपलाय, किंवा त्याचा स्टॅक भरवशाचा नाही. पहिलं असेल तर तो टास्क सोडवा: एनएफएस सर्व्हर उठवा, नाहीतर प्रोसेस मारा. दुसरं असेल तर बाहेरून आलेलं एखादं मॉड्यूल तपासा, माझा पहिला संशय तिथे असतो. कधी टास्क झोपलेला नसून सतत पळत असतो, तरी ट्रान्झिशन लटकतं. व्हर्च्युअल मशीनच्या होस्टवर व्हीहोस्टचे कर्नल थ्रेड असा त्रास द्यायचे, त्यासाठी २०२३ मध्ये कर्नलमध्ये खास दुरुस्ती आली.

आता चाचणी. तुमच्या व्हीएमवर पॅच पटकन लागतो कारण तिथे कुणी काही करतच नाही. केपॅचसोबत येणाऱ्या इंटिग्रेशन चाचण्या चांगल्या आहेत, पण त्या काय तपासतात ते बघा. नमुन्याचा पॅच प्रोकच्या मेमइन्फोमधला व्हीमॅलॉकचंक हा शब्द कॅपिटलमध्ये छापतो, चाचणी ग्रेप मारून तो शोधते, सापडला की पास. यातून कळतं की बिल्ड झालं, मॉड्यूल चढलं आणि फंक्शन वळलं. ओझ्याखाली काय होईल ते कळत नाही. 'क्विक' प्रकार सगळे पॅच एकत्र करून एकच मॉड्यूल बनवतो, 'स्लो' प्रत्येक वेगळा. रोजच्याला क्विक, नवं कर्नल किंवा नवा कंपायलर आला की स्लो. आणि हो, या चाचण्यांचे पॅच दर डिस्ट्रो-आवृत्तीच्या फोल्डरमध्ये असतात, कर्नल पुढे सरकलं की लागेनासे होतात. ते परत बसवत राहणं हेच सांभाळण्याचं निम्मं काम, आणि त्याचं श्रेय कुणी देत नाही.

अडकलेलं ट्रान्झिशन मुद्दाम घडवायचं असेल तर चाक पुन्हा शोधू नका. कर्नलच्याच सेल्फटेस्टमध्ये लाइव्हपॅचचा विभाग आहे, त्यातल्या कॉलबॅकच्या चाचणीत 'बिझी' नावाचं मॉड्यूल आहे. त्याचं काम एकच, पॅच होणाऱ्या फंक्शनमध्ये ठाण मांडून बसणं. चाचणी त्यावर पॅच लावते, ट्रान्झिशन अडकतं, मग पॅच बंद करते आणि ट्रान्झिशन नीट उलटं फिरलं का ते डीमेसेजच्या मजकुराशी ताडून बघते. हे तुमच्या टूलमधून चालवा. तुमचं टूल त्या क्षणी काय करतं? थांबतं, माघार घेतं, की गुपचूप फोर्स करतं? माझ्या मते लाइव्ह पॅचिंगच्या टूलची हीच खरी परीक्षा, बाकीचं दुय्यम. आमच्याकडे पुढे माघारीची पायरी टूलमध्ये घातली आणि फोर्सचा पर्याय कोडमधूनच काढून टाकला. ज्याला हवाय त्याने हाताने, स्वतःच्या जबाबदारीवर करावं.

त्याशिवाय: जुन्या पॅचवर नवा एकत्रित पॅच चढवून बघा, ज्या मॉड्यूलला पॅच आहे ते पॅचनंतर लोड करून बघा, आणि हे सगळं डिस्क व नेटवर्कवर लोड चालू ठेवून करा. एक एनएफएस माउंट घेऊन मध्येच त्याचा सर्व्हर बंद करा. मी तरी आता ही चाचणी झाल्याशिवाय एनएफएसचा पॅच सोडत नाही.

बिल्डबद्दल एकच गोष्ट, पण ठासून. 'कंपायलरची तपासणी वगळा' असा पर्याय आहे, तो तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठे दडलाय का ते आजच शोधा. ज्या जीसीसी कंपायलरने मूळ कर्नल बनलं त्याच आवृत्तीने पॅच बनला पाहिजे. कुठलं फंक्शन कुणात इनलाइन झालं (बोलावलं न जाता त्यातच मिसळलं) हे कंपायलर ठरवतो, आणि चालू कर्नलमध्ये त्याने वेगळं ठरवलेलं असेल तर टूल तुलना करतं ती चुकीच्या गोष्टीशी. बदललेल्या फंक्शनची जी यादी छापली जाते ती दर वेळी माणसाने वाचावी. एका ओळीच्या पॅचला भलीमोठी यादी आली तर हेडरमधलं इनलाइन फंक्शन बदललंय, थांबा आणि पॅच वेगळा लिहा. स्ट्रक्टमध्ये नवं फील्ड घालणारा पॅच जसाच्या तसा कधीच घेऊ नका, शॅडो व्हेरिएबल (जादा माहिती स्ट्रक्टबाहेर ठेवण्याची सोय) त्यासाठीच आहेत. माझं स्पष्ट मत: आलेल्या सीव्हीईंपैकी (नोंदवलेल्या सुरक्षा त्रुटींपैकी) बऱ्याच सरळ नाकाराव्यात आणि रीबूटची तारीख मागावी. हे सगळ्यांना पटणार नाही, चालेल.

जाता जाता ऑडिटचं. लाइव्ह पॅच लावला तरी यूनेम (कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) जुनीच आवृत्ती दाखवतं, त्यामुळे बरेच स्कॅनर 'असुरक्षित' म्हणून बोंबलतात. कर्नलच्या टेंट खुणांमध्ये (नेहमीपेक्षा वेगळं काही घडल्याच्या नोंदीत) के हे अक्षर येतं, पण ते फक्त लाइव्ह पॅच लागलाय एवढंच सांगतं, कोणता ते नाही. म्हणून टूलकडून प्रत्येक मशीनवर कोणता पॅच चालू आहे आणि त्यात कोणत्या सीव्हीई आहेत याची फाइल काढून ठेवा, दरवेळी ईमेलची देवाणघेवाण नको.

सध्या तुमच्या त्या मशीनवर काही जबरदस्ती करू नका. पॅच_स्टेट ० असलेल्या थ्रेडची यादी, त्यांचे स्टॅक, कर्नलची आवृत्ती आणि पॅचमधल्या फंक्शनची नावं इथे टाका. होस्टनेम आणि आयपी तेवढे खोडा. मी रात्री बघतो, तोवर इथलं दुसरं कुणी माझ्याआधी ओळखेलही.