'मोस्ट', 'मेजॉरिटी' आणि 'लार्ज नंबर': इंग्रजीत 'बहुतेक' कसं लिहायचं?

प्रश्न असा आहे: इंग्रजी अहवालात किंवा लेखात 'बहुतेक', 'बहुसंख्य', 'मोठ्या प्रमाणात' असं म्हणायचं असेल, तर 'मोस्ट ऑफ', 'द मेजॉरिटी ऑफ', 'अ लार्ज नंबर ऑफ' आणि 'अ लार्ज प्रपोर्शन ऑफ' यांतलं काहीही घेतलं तर चालतं का? आणि पुढे 'इज' लावायचं की 'आर'?

काहीही घेऊन चालत नाही. 'इज' आणि 'आर'चा निकाल लवकर लागतो, त्याकडे नंतर येऊ. आधी ठरवायचं ते हे की आपल्याला संख्या सांगायची आहे की प्रमाण. दहा लाख अर्जदारांपैकी पाच हजारांनी अर्ज मागे घेतले, तर 'अ लार्ज नंबर ऑफ अ‍ॅप्लिकंट्स' म्हणता येईल, पण 'अ लार्ज प्रपोर्शन' म्हणता येणार नाही, कारण हे प्रमाण जेमतेम अर्धा टक्का भरतं. उलट दहा जणांच्या समितीत आठ जण विरोधात असतील तर प्रमाण मोठं आहे, संख्या नाही. तिथे 'अ लार्ज नंबर ऑफ मेंबर्स' लिहिलं की वाचणाऱ्याला समितीत शंभरेक माणसं असावीत असं वाटतं. मराठीत 'लोक मोठ्या प्रमाणात आले' असं आपण सर्रास म्हणतो, आणि तिथे 'प्रमाण' म्हणजे निव्वळ संख्याच असते. हीच सवय इंग्रजीत उतरते. 'अ लॉट ऑफ', 'प्लेंटी ऑफ', 'न्यूमरस', 'अ ग्रेट मेनी' हे सगळे केवळ 'पुष्कळ' सांगतात, एकूण किती होते याबद्दल काहीच सांगत नाहीत. 'मोस्ट', 'मेजॉरिटी', 'बल्क', 'प्रपोर्शन', 'परसेंटेज' यांच्यामागे मात्र एकूण आकडा उभा असतो.

त्यातही 'अ लार्ज प्रपोर्शन' म्हणजे निम्म्याहून जास्त असं मुळीच नाही. जिथे पाच टक्के अपेक्षित होते तिथे तीस टक्के निघाले, तर तेही 'अ लार्ज प्रपोर्शन'च. म्हणून निम्म्याहून जास्त आहेत हे माहीत असेल तर सरळ 'मोस्ट' लिहावं. शब्द लहान आहे आणि अर्थ जास्त नेमका आहे. 'अ लार्ज प्रपोर्शन ऑफ' हे बऱ्याचदा केवळ वाक्य भारदस्त दिसावं म्हणून येतं, असं माझं मत.

'मोस्ट'ची सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'मोस्ट ऑफ स्टुडंट्स'. नियम असा: सर्वसाधारण विद्यार्थ्यांबद्दल बोलत असाल तर 'मोस्ट स्टुडंट्स', ठरावीक गटाबद्दल बोलत असाल तर 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स'. 'ऑफ' आला की त्यापुढे 'द', 'दीज', 'माय', 'देअर' असं काहीतरी यायलाच हवं, किंवा 'देम', 'अस' असं सर्वनाम हवं. देशांची आणि प्रदेशांची नावं याला अपवाद आहेत: 'मोस्ट ऑफ युरोप' बरोबर आहे. दुसरीकडे, 'मोस्ट'च्या आधी 'द' लावला की अर्थच बदलतो. तीन वर्गांत 40, 35 आणि 25 विद्यार्थी असतील तर पहिल्या वर्गात 'द मोस्ट स्टुडंट्स' आहेत, म्हणजे तुलनेत सर्वाधिक. एकूण शंभरांतले 'मोस्ट' मात्र तिथे नाहीत, कारण चाळीस म्हणजे निम्म्याहून कमी.

'मेजॉरिटी'ला तीन अटी लागतात. पहिली, आधी 'द' किंवा 'अ' हवा. 'मेजॉरिटी ऑफ द स्टुडंट्स' अशी वाक्याची सुरुवात आणि 'मेजॉरिटी पीपल' हे दोन्ही चूक. दुसरी, 'ऑफ'च्या पुढे मोजता येणाऱ्या वस्तू किंवा माणसं हवीत. पाणी, वेळ, काम, पैसा यांची 'मेजॉरिटी' होत नाही. 'द मेजॉरिटी ऑफ द वॉटर' लिहिणारे आहेत, पण काळजीपूर्वक संपादन केलेल्या मजकुरात ते 'मोस्ट ऑफ द वॉटर' असंच होतं. 'मेजॉरिटी ऑफ द टाइम्स' हा तर दुहेरी घोटाळा आहे. त्याला साधा पर्याय 'मोस्ट ऑफ द टाइम', आणि तिथे 'टाइम' एकवचनीच. तिसरी, 'मेजॉरिटी'चा अर्थच निम्म्याहून जास्त असा असल्यामुळे 'मोअर मेजॉरिटी', 'मोस्ट मेजॉरिटी' असं काही संभवत नाही. ती किती मोठी आहे ते सांगायचं असेल तर इंग्रजीत ठरलेली विशेषणं आहेत: 'व्हास्ट', 'ग्रेट', 'लार्ज', 'ओव्हरव्हेल्मिंग', आणि उलट बाजूला निसटत्या बहुमतासाठी 'स्लिम', 'नॅरो', 'बेअर'.

'व्हास्ट मेजॉरिटी' म्हणजे नक्की किती टक्के? ठरलेला आकडा नाही. पण 58 टक्क्यांना हा शब्द लावला तर वाचणारा फसतो. तीनचतुर्थांशाच्या बऱ्यापैकी पुढे गेल्याशिवाय तो वापरू नये, हा माझा पक्षपाती सल्ला. तसंच 51 टक्क्यांना 'मोस्ट' म्हणणं हिशेबाने खरं असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात चित्र बरंच मोठं उभं राहतं. तिथे 'जस्ट ओव्हर हाफ' लिहिणं प्रामाणिकपणाचं.

निवडणुकीच्या मजकुरात 'मेजॉरिटी' आणखी एक फसगत करते. शंभर मतांपैकी तीन उमेदवारांना 42, 35 आणि 23 मतं मिळाली असं समजा. अमेरिकी इंग्रजीत पहिल्याला 'मेजॉरिटी' नाही, फक्त 'प्लुरॅलिटी' आहे, म्हणजे सर्वांत जास्त पण निम्म्याहून जास्त नसलेली मतं. ब्रिटिश वापरात मात्र त्याच उमेदवाराची 'मेजॉरिटी' 7 आहे, म्हणजे दुसऱ्यापेक्षा मिळालेलं मताधिक्य. निम्म्याहून जास्त मतं हा अर्थ हवा असेल तर तिथे 'अ‍ॅब्सोल्यूट मेजॉरिटी' म्हणतात. भाषांतर करताना आधी मजकूर कुठला आहे ते पाहावं आणि मगच 'बहुमत' की 'मताधिक्य' ते ठरवावं.

आता क्रियापद. 'मोस्ट ऑफ', 'हाफ ऑफ', 'टू थर्ड्स ऑफ', 'सिक्स्टी परसेंट ऑफ', 'द बल्क ऑफ', 'द रेस्ट ऑफ' या सगळ्यांत 'ऑफ'च्या पुढचं नाम क्रियापद ठरवतं. 'सिक्स्टी परसेंट ऑफ द वॉटर इज', पण 'सिक्स्टी परसेंट ऑफ द स्टुडंट्स आर'. 'द मेजॉरिटी ऑफ द स्टुडंट्स'पुढेही 'आर'च; 'मेजॉरिटी' हा शब्द एकवचनी दिसतो म्हणून 'इज' लावू नये. खरी गोची 'अ' आणि 'द' यांच्या अदलाबदलीत आहे. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' म्हणजे कित्येक विद्यार्थी, 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. 'प्रपोर्शन' आणि 'परसेंटेज' यांनाही हेच लागू: 'अ लार्ज परसेंटेज ऑफ व्होटर्स आर', पण 'द परसेंटेज ऑफ व्होटर्स इज'. 'पॉप्युलेशन'सारख्या समूहवाचक नामापुढे दोन्ही रूपं आढळतात. एका लेखात एकच ठेवावं, एवढंच.

मराठीतून सरळ उतरणाऱ्या दोन चुका वेगळ्या सांगायला हव्यात. 'मॅक्झिमम स्टुडंट्स पास्ड' यात लेखकाला 'बहुतेक पास झाले' म्हणायचं असतं, पण 'मॅक्झिमम' म्हणजे वरची मर्यादा. 'अ मॅक्झिमम ऑफ थर्टी स्टुडंट्स' म्हणजे तीसपेक्षा जास्त नाहीत. 'बहुतेक'साठी तो शब्द अजिबात नाही. दुसरी चूक 'मोस्टली'ची. आपला 'बहुतेक' दोन कामं करतो: 'बहुतेक लोक आले' आणि 'तो बहुतेक येईल'. 'मोस्टली ही विल कम' हे दुसऱ्या वाक्याचं भाषांतर इंग्रजी वाचणाऱ्याला कळतच नाही; तिथे 'ही विल प्रॉबेब्ली कम' हवं. 'मोस्टली स्टुडंट्स केम'चा अर्थही 'बहुतेक विद्यार्थी आले' असा होत नाही. जे आले त्यांत विद्यार्थीच जास्त होते, असा होतो. शंभर जण आले, त्यांत ऐंशी विद्यार्थी. मग शाळेतले आणखी हजार घरीच राहिले असले तरी वाक्य खरंच ठरतं.

'ऑलमोस्ट स्टुडंट्स' हीही याच घराण्यातली. 'ऑलमोस्ट ऑल द स्टुडंट्स' असं 'ऑल' घालून लिहावं लागतं. 'ऑलमोस्ट' आणि 'निअरली' आकड्याच्या खालच्याच बाजूने जातात, हे तर फारच थोडे पाळतात. 'जवळपास 60 टक्के' असं आपण 59ला म्हणतो आणि 61लाही. इंग्रजीत 61ला 'निअरली सिक्स्टी' म्हणता येत नाही. तिथे 'अबाउट' किंवा 'जस्ट ओव्हर' लिहावं. 'अप टू एटी परसेंट' याहून निसरडा: त्यात फक्त कमाल मर्यादा आहे, दोन टक्के निघाले तरी विधान खोटं ठरत नाही. जाहिरातींना तो आवडतो तो त्यामुळेच. अहवालात टाळावा.

'द लायन्स शेअर' ललित किंवा बातमीच्या मजकुरात शोभतो, तांत्रिक अहवालात नाही. वाटणी झालेल्या गोष्टीतला सर्वांत मोठा हिस्सा, असा त्याचा अर्थ. त्यामुळे तो एकाचाच असतो आणि त्याला 'द' लागतो, 'अ' नाही. मराठीत 'या यशात सगळ्या कार्यकर्त्यांचा सिंहाचा वाटा आहे' असं गौरवाने लिहिलं जातं. ते इंग्रजीत तसंच नेलं तर प्रत्येकाने सर्वांत मोठा वाटा उचलला असं विचित्र गणित होतं. 'खारीचा वाटा'ची जोडी इंग्रजीत नाहीच, तेव्हा तिथे साधं 'अ स्मॉल कॉन्ट्रिब्यूशन'.

शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी 'अ सिग्निफिकंट प्रपोर्शन'पासून दूर राहावं. संख्याशास्त्रात 'सिग्निफिकंट'ला कसोटीवर उतरलेला निष्कर्ष असा पक्का अर्थ आहे आणि परीक्षक लगेच विचारतो, कोणती चाचणी लावली? 'कन्सिडरेबल' किंवा 'सब्स्टॅन्शियल' घ्यावं, आणि मागोमाग आकडा द्यावा: 112 पैकी 79, म्हणजे सुमारे 71 टक्के. एकूण संख्या लहान असेल तर नुसते टक्के देऊ नयेत. चौघांपैकी तिघांना '75 टक्के' म्हटलं की ते भलतंच भारी वाटतं.

राहता राहिला 'क्वाइट अ फ्यू'. दिसायला 'थोडे', अर्थ 'बरेच'. तो संख्येच्या बाजूचा आहे, प्रमाणाच्या नाही, आणि बोलण्यात जितका सहज बसतो तितका औपचारिक लेखनात बसत नाही.