ग्रंथपालाचा सल्ला: कपाटाचं राजकारण

प्रश्न: मॅडम, मी नागपूरहून एम.लिब. केलंय. लग्नानंतर कॅनडात व्हँकुव्हरला चालले आहे. तिथल्या नोकऱ्यांमध्ये मूलनिवासींच्या (युरोपीय येण्याआधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांच्या) ज्ञानासाठी वेगळा ग्रंथपाल असतो असं वाचलं. पुस्तकं लावण्यात एवढं वेगळं काय? आणि मला तिथे संधी आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: वेगळं आहे ते बरंचसं पुस्तकं लावण्यातच! ड्युई, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत, तुला पाठ असेल. तिथल्या मूलनिवासींवरची पुस्तकं 970.00497 ला, म्हणजे इतिहासात. त्यांच्या घराण्यांच्या कथा 398.2 ला, परीकथांना खेटून. आज कोर्टात जमिनीसाठी भांडणारी माणसं कपाटात मात्र कायमची इतिहासजमा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरण पद्धतीत सगळ्या जमाती ई 99 खाली अकारविल्हे, मग कोण कुणाचा शेजारी याला अर्थच उरत नाही.

ब्रायन डिअर या मोहॉक (तिथली एक मूलनिवासी जमात) ग्रंथपालांनी 1974 ते 76 मध्ये ओटावात नवं वर्गीकरण बसवलं. प्रदेशाने शेजारी असलेले लोक कपाटातही शेजारी आले. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं (यूबीसी) मूलनिवासींविषयीचं व्हेव्हा ग्रंथालय आजही त्याचीच सुधारित आवृत्ती वापरतं.

व्हेव्हाच्या पहिल्या ग्रंथपाल जीन जोसेफ, स्वतः वेत्सुवेतेन या मूलनिवासी जमातीच्या. डेलगामूक खटल्यात त्यांच्या लोकांनी आणि शेजारच्या गित्क्सान लोकांनी जमिनीवर हक्क सांगितला, तेव्हा त्या खटल्यासाठीचं ग्रंथालयाचं काम त्यांनी सांभाळलं. घराण्यांचा तोंडी इतिहास 1991 मध्ये खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी पुरेसा पुरावा धरला नाही. 1997 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुरावा म्हणून योग्य वजन द्यायला हवं होतं असं सांगितलं. ज्याला आपण 398.2 चा शिक्का मारतो, त्यावर जमिनीचा दावा उभा होता, हे लक्षात घे.

रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे नियम घोकून आलेल्यांना एक गोष्ट मात्र जड जाते. 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' इथे सरसकट चालत नाही. काही कथा एका घराण्याच्या मालकीच्या, काही फक्त हिवाळ्यात सांगायच्या. ध्वनिफीत आपल्या कपाटात असली तरी ती कुणाला ऐकवायची हे त्या लोकांना विचारून ठरतं. मूलनिवासी मुलांना त्यांच्या भाषा-संस्कृतीपासून तोडण्यासाठी काढलेल्या निवासी शाळांमध्ये दीड लाखाच्या आसपास मुलं घरातून नेली गेली. ज्यांच्याकडून इतकं घेतलं गेलं, त्यांच्या हातात निदान एवढा अधिकार तरी असावा, असं मला वाटतं.

आता तुझं. ही खास पदं बहुधा त्या समाजातल्या उमेदवारांना देतात, आणि ते योग्यच आहे. 'आमच्याकडेही आदिवासी आहेत' हे मुलाखतीत कृपा करून सांगू नकोस. पण 2015 मध्ये या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने 94 शिफारशी केल्यापासून साध्या ग्रंथालयांतही जुन्या विषयशीर्षकांची (पुस्तक ज्या विषयाखाली नोंदतात त्या नावांची) दुरुस्ती चालू आहे. हे काम कंटाळवाणं, एकेक नोंद उघडून करायचं. कॅटलॉगिंग येणारी माणसं तिथे लागतातच. आपली पदवी समकक्ष ठरवून घ्यावी लागते, त्यामुळे गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत तू इथून निघण्याआधीच विद्यापीठातून काढून घे. नंतर सासरहून फोनाफोनी करून ती मिळवणं म्हणजे दिव्य!