'व्याप्त' की 'वादग्रस्त'? आणि ठराव 242 मधील एक अडचण

एका वाचकाने विचारले आहे की 1967 च्या युद्धात इस्रायलने जॉर्डनकडून ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँकेविषयीच्या मजकुरात कधी 'व्याप्त प्रदेश', कधी 'वादग्रस्त प्रदेश', तर कधी 'बळकावलेला प्रदेश' असे वाचायला मिळते. यांतला नेमका शब्द कोणता, आणि त्या युद्धानंतरच्या, इस्रायली माघारीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ठराव 242 चे भाषांतर करताना कोणता वापरावा?

माझ्या मते 'व्याप्त' हाच. 'पाकव्याप्त काश्मीर'मुळे तो आपल्या कानाला सरावाचा आहे, पण त्यामुळेच अनेकांना तो आरोपाचा शब्द वाटतो. मुळात ती कायद्याची संज्ञा आहे. 1907 च्या हेग नियमावलीतील कलम 42 प्रमाणे एखादा प्रदेश शत्रुसैन्याच्या प्रत्यक्ष अंमलाखाली आला की तो व्याप्त ठरतो. ताबा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. व्याप्त प्रदेशात ताबा असतो, मालकी मिळत नाही. मात्र सातबाऱ्यावरचा 'भोगवटादार' येथे आणू नये, कारण वर्ग 1 चा भोगवटादार व्यवहारात मालकच समजला जातो, आणि नेमका तोच अर्थ इथे टाळायचा आहे.

'वादग्रस्त' ही इस्रायली सरकारची भूमिका आहे. 1967 पूर्वी तेथे असलेल्या जॉर्डनच्या सार्वभौमत्वाला फारच थोड्या देशांनी मान्यता दिली होती, म्हणून या प्रदेशाला कायदेशीर धनीच नव्हता, असा त्यामागचा युक्तिवाद. तो शब्द वापरायचा तर 'इस्रायलच्या म्हणण्यानुसार' असे जोडूनच वापरावा, कारण खुद्द इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2004 मध्ये वेस्ट बँकेतील बेत सुरिक गावाजवळ इस्रायल उभारत असलेल्या विभाजक कुंपणाच्या खटल्यात हा भाग युद्धातून आलेल्या लष्करी ताब्याखाली असल्याचे धरून निकाल दिला, आणि त्यानंतर काही दिवसांतच, 9 जुलैला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही सल्लामतात 'व्याप्त' हीच संज्ञा वापरली. 'बळकावणे' या क्रियापदात हेतू आणि दोष दोन्ही येतात. अग्रलेखात ते शोभेल, बातमीत नाही.

आता ठराव. 22 नोव्हेंबर 1967 रोजी सुरक्षा परिषदेने तो एकमताने संमत केला. मसुदा ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅराडन यांचा होता. इस्रायली सैन्याने अलीकडील संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असे त्यात आहे. इंग्रजी पाठात 'प्रदेश' या शब्दाआधी निश्चयवाचक उपपद (the) नाही, म्हणून 'सर्व प्रदेशांतून' असा अर्थ होत नाही, असे इस्रायलचे म्हणणे. फ्रेंच पाठातील शब्दयोजना मात्र 'त्या प्रदेशांतून' अशीही वाचता येते, आणि अरब देशांनी तिच्यावर भर दिला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा वाद एका उपपदाभोवती फिरतो आहे.

मराठीत उपपदच नाही, त्यामुळे आपली सुटका झाली असे वाटते, पण तसे नाही. 'भाड्याने घेतलेल्या खोल्यांतून सामान हलवा' असे सांगितले तर कोणीही 'कोणत्या खोल्यांतून?' असे विचारणार नाही. सगळ्याच खोल्या गृहीत धरल्या जातील. म्हणजे आपले विशेषण आणि '-तून' हा प्रत्यय मिळून वाक्य आपोआप 'सर्व'कडे झुकते. हा झुकाव आपल्या भाषेचा आहे, ठरावाच्या शब्दांचा नव्हे, हे भाषांतरकाराने तळटीपेत सांगावे. 'सर्व' किंवा 'काही' हे शब्द मात्र स्वतःच्या पदरचे घालू नयेत. युद्धाने भूप्रदेश मिळवणे अमान्य आहे, हे वाक्य त्याच ठरावाच्या प्रास्ताविकात आहे. तेही गाळू नये, कारण माघारीच्या कलमाचा अर्थ लावताना ते हाताशी लागते.

आणखी एक चूक या निमित्ताने दुरुस्त व्हावी. वेस्ट बँकला काही ठिकाणी 'पश्चिम किनारपट्टी' म्हटले जाते. तो जॉर्डन नदीचा पश्चिम काठ आहे आणि भूमध्य समुद्राला कुठेच लागत नाही; समुद्रकाठी आहे ती गाझा पट्टी. भाषांतर करायचेच तर 'पश्चिम तीर' म्हणावे, नाहीतर 'वेस्ट बँक' तसेच ठेवावे.