जुनी घड्याळं, नाणी ऑनलाइन विकताना लोक सारखे आणखी फोटो मागतात. किती द्यायचे आणि नाही कसं म्हणायचं?

द्या. मागतील तेवढे द्या.

तुम्ही लिहिलंय की एचएमटीची काही घड्याळं आणि थोडे राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे चांदीचे) रुपये विकायला काढलेत, आणि ‘घ्यायचं नसतं, नुसते फोटो मागत बसतात’ असल्या लोकांना टाळायचंय. हे वाक्य मी आमच्या घरात इतकं ऐकलंय की उत्तर लिहिल्यावाचून राहवेना.

आमचे दाजी जुन्या दुचाकींचा व्यवहार करतात. फोटो मागणारा कधी घेत नसतो, घेणारा सरळ भाव विचारतो, हे त्यांचं ठाम मत. दुचाकीत ते चालत असेल. गिऱ्हाईक दारात येतं, किक मारतं, चक्कर मारून येतं. घड्याळ कुरिअरनं जातं. घेणाऱ्याच्या हातात फोटोशिवाय असतं काय?

माझ्या चुलत्यांचं एचएमटी पायलट होतं. काळी तबकडी, चावीचं. चुलते एसटीत कंडक्टर होते आणि नोकरीभर तेच घड्याळ त्यांच्या हाताला. ते गेल्यावर काकूंनी मला विकायला दिलं. मी फोटो टाकले आणि नागपूरच्या एका गृहस्थांचा मेसेज आला. आधी तबकडीचा तिरप्या उन्हातला फोटो मागितला. मग मागच्या झाकणाचा. मग पट्टा काढून पिनांच्या मधल्या जागेचा. मग म्हणाले, झाकण उघडून मशीन दाखवता येईल का, आणि झाकणाची आतली बाजूही.

भाऊबीजेला ताई-दाजी घरी आलेले. दाजींनी माझ्या हातातला फोन बघितला आणि म्हणाले, “ब्लॉक कर त्याला. हा माणूस तुझा वेळ खाणार आणि शेवटी ‘बघतो’ म्हणणार.”

मी ब्लॉक केलं नाही, कारण तो माणूस बरोबर तेच मागत होता जे मी स्वतः घेताना मागितलं असतं. २०१६ मध्ये एचएमटी घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरलं आणि जुन्या मालाला शौकीन वाढले, तसा जोडकामाचा मालही वाढला. तबकडी नवी छापलेली, काटे भलत्याच घड्याळाचे, केस, म्हणजे बाहेरचं धातूचं घर, तिसऱ्याचं, आणि वर लिहायचं ‘ओरिजिनल’. ज्याने एकदा असं घड्याळ घेतलंय तो पुढच्या वेळी झाकण उघडायला सांगणारच. त्याला वेळखाऊ म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी झाकण काढलं. मशीनवर ०२३१ नंबर स्वच्छ दिसत होता, चावीच्या एचएमटीत सापडतं तेच १७ ज्वेलचं (आत झीज कमी करणारे १७ बारीक खडे असलेलं) मशीन. झाकणाच्या आत सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या. जुने कारागीर दुरुस्ती केली की तारीख किंवा आपली खूण अशी कोरून ठेवायचे. नागपूरकरांना तेच बघायचं होतं. खुणा आहेत म्हणजे घड्याळ वापरातलं आहे, वेळच्या वेळी उघडून साफ झालेलं आहे. एवढी माहिती मला शब्दांत लिहून पटवता आली नसती.

फोटो बघून त्यांनी लिहिलं, “सेकंदकाटा आखूड वाटतो, मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही.” घड्याळजींनी भिंग लावून बघितलं आणि काटा मागे कधीतरी बदललेला आहे असं सांगितलं. मी तसंच कळवलं. दाजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “झालं, आता भाव पाडणार.” भाव थोडा कमी केला, तो त्या काट्यापुरता. सकाळी पैसे जमा, काकूंच्या हातात दिले. घड्याळ नागपूरला पोचल्यावर तक्रारीचा एक शब्द आला नाही, कारण तक्रार करण्यासारखं जे होतं ते त्यांनी आधीच बघून घेतलं होतं.

आता दाजींची गोष्ट. त्यांनी मित्राचं एक घड्याळ विकून दिलं आणि महिनाभर सांगत होते, “एका फोटोत गेलं.” ते परत आलं. घेणाऱ्याचं म्हणणं, तबकडी रंगवलेली आहे. ज्या साइटवरून विकलं तिने त्याचे पैसे त्याला परत केले, आणि पार्सल उघडलं तर काच तडकलेली. नुकसान मित्राचं. दाजी अजूनही म्हणतात की गिऱ्हाईक लबाड होतं. असेल. पण एका फोटोवर पैसे टाकणारा माणूस वस्तू विकत घेतच नाही, त्याच्या मनातलं चित्र विकत घेतो, आणि डबा उघडल्यावर ते चित्र सापडत नाही. घाबरायचं असेल तर फोटो न मागणाऱ्याला घाबरा. हे मी दाजींना तोंडावर सांगितलंय, ते मानत नाहीत.

तुमचं काम सोपं व्हावं म्हणून एवढं करा. विकायला काढायच्या आधीच सगळे फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणी मागितले की पाठवायला दोन मिनिटं. खिडकीतला उजेड घ्या, फ्लॅश नको. जुन्या प्लास्टिकच्या काचेवर तो असा चमकतो की ओरखडे झाकले जातात, आणि घेणाऱ्याला वाटतं तुम्ही मुद्दाम झाकले. ओरखड्यांचा वेगळा जवळून फोटो द्याच. घड्याळ चालतंय हे दाखवायला रात्री मोबाइलच्या वेळेशेजारी ठेवून एक फोटो, सकाळी चावी न देता तसाच दुसरा. किती मागेपुढे पडतं ते त्यातच दिसतं. झाकण घरी सुरीनं उचकटू नका.

रुपयाचे दोन्ही बाजूंचे फोटो तर द्यालच, पण कडेचाही द्या आणि वजनकाट्यावर ठेवून एक द्या. राणीछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. वापरानं झिजून किंचित कमी भरेल, पण फार फरक असेल तर जाणकार विचारणारच. फोटोसाठी म्हणून चिंच, पितांबरी लावून घासू नका. चकचकीत नाण्याची किंमत पडते.

प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दाजींचा एक मुद्दा इथं खरा आहे: काही लोक तुमचे फोटो घेऊन तीच वस्तू आपली म्हणून विकायला काढतात. चिठ्ठी घड्याळाला चिकटून ठेवा, कडेला ठेवली तर कापून टाकतात.

‘नाही’ म्हणायची वेळ येते ती वेगळ्या फोटोंवर. आधार कार्डाचा, बँकेच्या कार्डाचा फोटो ‘खात्रीसाठी’ मागितला की बोलणं तिथंच संपवा. पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि स्कॅन करून पिन टाका म्हणाला तरी तेच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि परदेशातला कोणी राणीछाप रुपयांचे फोटो मागत असेल तर आधीच सांगून टाका की नाणी पाठवता येणार नाहीत. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवायला बंदी आहे.

तोच फोटो तिसऱ्यांदा मागणारा भेटतोच. त्याला विचारा, “यात नक्की काय बघायचंय?” घेणारा असेल तर लगेच सांगतो, काट्याचं टोक किंवा चावीवरचं चिन्ह. त्याला तेवढाच फोटो काढून द्या.