वाचकांचे प्रश्न: म्युऑनच्या रिंगवरून दुर्बीण कशी तपासतात?

प्रश्न: आम्ही काही जण मिळून एका छोट्या चेरेन्कोव्ह दुर्बिणीच्या (गॅमा किरणांमुळे हवेत उमटणारा क्षीण उजेड पकडणारी दुर्बीण) डेटावर काम करतोय. कॅमेऱ्यासमोर एलईडी फ्लॅशर आहे, रोज त्याने पिक्सेल तपासतो. तरी प्रत्येक जण विचारतो की म्युऑन (वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) वापरून कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राच्या मापाची पडताळणी, केली का. एलईडी पुरत नाही का?

उत्तर: एलईडी लागतोच, तो काढून टाका असं कुणी म्हणत नाहीये. पण तो नेमकं काय तपासतो ते बघा. त्याचा उजेड थेट कॅमेऱ्यावर पडतो, म्हणजे पिक्सेल एकमेकांच्या तुलनेत सारखे चाललेत का एवढंच कळतं. आरशावर धूळ बसली, कोटिंग उतरलं, एखादा तुकडा फोकसमधून सरकला तर एलईडीला त्याचा पत्ताच नाही. शिवाय एलईडीने नक्की किती फोटॉन सोडले हे तुम्हाला वेगळं मोजून घ्यावं लागतं. काट्यावर ठेवलेलं वजन खरंच एक किलोचं आहे का हेच माहीत नसेल तर काटा बरोबर की चूक हे कसं ठरवणार?

आणि ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. गॅमा किरण जमिनीपर्यंत येतच नाही, वर साधारण १० किलोमीटरवर त्याचा कणांचा शॉवर, म्हणजे वर्षाव, होतो आणि त्या शॉवरचा काही नॅनोसेकंद टिकणारा निळसर उजेड आपण पकडतो. उजेड किती आला यावरून किरणाची ऊर्जा काढायची. प्रकाश १० टक्के चुकला की ऊर्जाही तेवढीच चुकते, आणि स्रोतांचे स्पेक्ट्रम इतके उतरते असतात (ऊर्जा वाढते तसे किरण झपाट्याने कमी होतात) की क्रॅब नेब्युलासारख्या (फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष) स्रोताचा एका ठराविक ऊर्जेच्या वरचा फ्लक्स, म्हणजे येणाऱ्या किरणांचं प्रमाण, मग साधारण १६ टक्क्यांनी चुकतो. क्रॅबलाच प्रमाण मानायचं म्हटलं तर तो १९८९ साली अमेरिकेतल्या व्हिपल वेधशाळेच्या १० मीटर चेरेन्कोव्ह दुर्बिणीने पकडला, म्हणजे मोजमाप याच जातीच्या यंत्राचं. दहा किलोमीटर उंचीवर नेऊन ठेवावा असा मापाचा गॅमा स्रोत तर कुणाकडेच नाही. राहता राहिला म्युऑन.

म्युऑन हवेत प्रकाशापेक्षा जास्त वेगाने गेला (हवेतल्या प्रकाशापेक्षा, निर्वातातल्या नाही) की ठराविक कोनात चेरेन्कोव्ह प्रकाश सोडतो. तो आरशावर येऊन आदळला तर कॅमेऱ्यात गोल रिंग उमटते. रिंगची त्रिज्या म्हणजे थेट चेरेन्कोव्ह कोन, आणि कोन कळला की दर मीटरला किती फोटॉन सुटले ते भौतिकशास्त्राच्या सूत्रातून येतं, त्यासाठी दुर्बिणीबद्दल काही गृहीत धरावं लागत नाही. यायला हवे होते इतके फोटॉन, आले इतके फोटोइलेक्ट्रॉन (सेन्सरने प्रत्यक्ष नोंदलेले फोटॉन), भागाकार करा. आरसा, काच, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्स सगळं मिळून एक आकडा. फुकट, आणि वेगळी वेळ न देता, कारण म्युऑन नेहमीच्या निरीक्षणाच्या डेटातच येऊन पडलेले असतात.

प्रश्न: म्युऑन २.२ मायक्रोसेकंदात मरतो म्हणतात, मग तो वरून खालपर्यंत येतोच कसा? आणि सगळ्या रिंगा एकाच मापाच्या का नसतात?

उत्तर: पहिल्याचं उत्तर सापेक्षतावाद. वेगवान म्युऑनचं घड्याळ आपल्या हिशेबाने हळू चालतं, म्हणून समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पोचतो. पण ते सगळे रिंग देत नाहीत. उदाहरणार्थ २२०० मीटर उंचीवर प्रकाश सोडायलाच म्युऑनला सुमारे ५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा लागते, त्याखाली काही नाही. १० जीईव्हीला कोन साधारण १.०५ अंश, २० जीईव्हीला जवळजवळ १.२ आणि पुढे तो तिथेच अडकतो. म्हणून बऱ्याच रिंगा मोठ्या, थोड्या छोट्या. अजून उंच गेलात तर हवा विरळ आणि सगळ्याच रिंगा लहान. थंडी-उन्हाळ्यात हवेची घनता बदलते म्हणून कोनही थोडा हलतो, पण त्याची काळजी नको, तुम्ही कोन गृहीत धरतच नाही, प्रत्येक रिंगवर मोजता.

प्रश्न: आमचा आरसा जेमतेम साडेतीन-चार मीटरचा. मोठ्या दुर्बिणींना हे जमत असेल, आम्हाला म्युऑनचा उजेड दिसेल तरी का?

उत्तर: दिसेल, आणि इथे छोट्या दुर्बिणीला चक्क फायदा आहे. शॉवरचा उजेड जमिनीवर शंभरेक मीटर त्रिज्येच्या पट्ट्यात पसरलेला असतो, आरसा जितका मोठा तितका त्यातला वाटा, म्हणजे हिशेब क्षेत्रफळाचा. म्युऑनचं तसं नाही. त्याचा प्रकाश त्याच्या वाटेभोवती चिकटून येतो, आणि आरशावर पडणारा भाग फक्त वाटेच्या शेवटच्या थोड्या मीटरांचा, शंभरेक मीटरचा, असतो, किती मीटर ते आरशाच्या रुंदीवर ठरतं. म्हणजे हिशेब व्यासाचा. व्यास चौथाई केला तर शॉवरचा उजेड सोळावा हिस्सा उरतो, म्युऑनचा मात्र चौथा. आरसा लहान होत जातो तसे म्युऑन शॉवरच्या मानाने ठळकच होत जातात.

आकडे टाकून बघा. साडेतीन मीटर व्यास, १.२ अंश कोन, म्युऑन बरोबर मध्यावर आला: शेवटच्या ८०-८५ मीटरमधला प्रकाश आरशावर पडतो. ३०० ते ६०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर मीटरला साधारण ३४ फोटॉन, म्हणजे एकूण २८०० च्या आसपास. सगळं मिळून दहा टक्के पोचले तरी २८० फोटोइलेक्ट्रॉन. छान वाटतं ना, पण आता ते रिंगवर पसरवा. परीघ साडेसात अंश, पिक्सेल ०.११ अंशाचा, रिंगची जाडी एक-दोन पिक्सेल, म्हणजे वाट्याला येतात पिक्सेलमागे दोन ते चार. आकाशाचा उजेडही त्याच पिक्सेलमध्ये येतोय. इथे लोक फसतात, शॉवरसाठी ठेवलेली क्लिनिंगची (मंद पिक्सेल गोंधळ समजून गाळण्याची) पातळी तशीच वापरतात, अर्धी रिंग पुसली जाते आणि मग ओरड की म्युऑन मिळत नाहीत. म्युऑनसाठी पातळी वेगळी ठेवा, खाली आणा, आणि वेळेचा आधार घ्या: रिंगचा सगळा उजेड नॅनोसेकंदाच्या अंशात एकदम येतो, आकाशाचा उजेड कधीही येतो. त्याच कारणाने पिक्सेलच्या टायमिंगमधला फरकही रिंगवर उघडा पडतो. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची फॅक्ट नावाची दुर्बीण या मापाचीच, आरसा साडेनऊ चौरस मीटर, १४४० सिलिकॉन पिक्सेल, २०११ मध्ये सुरू झालेली. रिंगच्या जाडीवरून आरशांचा फोकस कसा बदलतो त्यावर त्यांनी नजर ठेवली, हाही म्युऑनचाच उपयोग.

एक सापळा मात्र छोट्या दुर्बिणीतच जास्त चावतो. तुमचा ट्रिगर (कोणती घटना नोंदायची ते ठरवणारी यंत्रणा) मंद रिंगा टाकून देतो, आणि त्याच्या पातळीच्या काठावरच्या रिंगांपैकी ज्या नशिबाने जरा उजळ निघाल्या त्याच नोंदल्या जातात. सरासरी आपोआप वर सरकते आणि दुर्बीण आहे त्यापेक्षा चांगली वाटते. उपाय म्हणजे त्या पातळीपासून लांबच्या, मोठ्या त्रिज्येच्या पूर्ण रिंगाच घ्यायच्या आणि सिम्युलेशनलाही अगदी तीच चाळणी लावायची. रिंगा कमी पडतील ही भीती नको, साडेचार अंशाच्या दृश्यक्षेत्रात या आरशावर दर काही सेकंदांना एखादी पूर्ण रिंग यायला हरकत नाही, चाळणीनंतर त्यातल्या थोड्याच उरल्या तरी एका रात्रीत पोट भरतं. कॅमेऱ्याच्या पेटीची आरशावर पडणारी सावलीही विसरू नका. छोट्या दुर्बिणीत पेटी आरशाच्या मानाने मोठी असते, आणि म्युऑन मध्यावर आदळला की सगळ्या बाजूंचा थोडा थोडा उजेड ती खाते.

प्रश्न: गेल्या काही महिन्यांत आमच्या रिंगा हळूहळू मंद होत चालल्यात. आरसा, कॅमेरा की हवा?

उत्तर: हवा बहुतेक नाही. म्युऑनचा आपल्याला मिळणारा प्रकाश जास्तीत जास्त दीड-दोनशे मीटरवरून येतो, वरचे धुळीचे थर, विरळ ढग याला दिसतच नाहीत. (हाच त्याचा गुण आणि हाच दोष. वरची हवा खराब असताना म्युऑन म्हणणार सगळं ठीक आहे, आणि गॅमा मात्र मंद दिसणार. त्यासाठी वेगळी साधनं लागतात, नाहीतर निदान ट्रिगरचा दर बघत राहा.) आरसा की कॅमेरा हे एकटा म्युऑन सांगणार नाही, तो दोघांचा मिळून गुणाकार सांगतो. इथे तुमचा एलईडी कामाला येतो: एलईडीचे आकडे स्थिर आणि रिंगा मंद, तर आरसा किंवा त्याचा फोकस. रिंगची जाडी वाढलीय का तेही पाहा, वाढली असेल तर आरसे हललेत, जाडी तीच आणि उजेड कमी तर कोटिंग नाहीतर धूळ. आरसा धुवून किंवा पाऊस पडून गेल्यावर आकडा वर आला तर विषयच संपला.

फक्त मंदपणाचा टक्का थेट गॅमाच्या ऊर्जेला लावू नका. म्युऑनचा प्रकाश जवळून येतो त्यामुळे त्यात लघु तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील भाग भरपूर असतो. गॅमा शॉवरचा प्रकाश दहा किलोमीटर हवा ओलांडून येतो, त्यातला अतिनील भाग ओझोन आणि हवेच्या रेणूंनी वाटेतच कमी केलेला असतो. आरशाचं कोटिंग अतिनीलमध्ये जास्त उतरलं असेल तर रिंगा बऱ्याच मंद होतात, गॅमा तेवढे नाहीत. कॅमेऱ्याच्या काचेने ३०० नॅनोमीटरच्या खालचा उजेड अडवला तर हा फरक खूप कमी होतो, नाहीतर सिम्युलेशनमधून दुरुस्ती करावी लागते, आणि ती करताना कंटाळा केला की पुढचे सगळे स्पेक्ट्रम वाकडे.

प्रश्न: अर्धवट रिंगा, म्हणजे नुसते चाप, वापरू का? खूप मिळतात.

उत्तर: रिंग कॅमेऱ्याच्या कडेने कापली गेली असेल आणि म्युऑन आरशावरच पडला असेल तर जमतं, पण केंद्र आणि त्रिज्या दोन्ही ढिले होतात. म्युऑन आरशाच्या बाहेरून गेल्यामुळे आलेले चाप कॅलिब्रेशनला घेऊ नका. किती लांबून गेला ते नीट कळत नाही आणि उजेडाचा हिशेब त्यावरच टेकलेला असतो. लांबच्या म्युऑनचा चाप इतका आखूड होतो की तो हुबेहूब गॅमासारखा दिसतो, आणि एकट्या दुर्बिणीत तर ते वेगळे काढणं अवघडच. अनेक दुर्बिणींच्या रांगेत उलटं होतं: तिथे दोन दुर्बिणींनी एकदम पाहिलं तरच नोंद, म्युऑन सहसा एकीलाच दिसतो, म्हणून कॅलिब्रेशनच्या रिंगा हातातून जाऊ नयेत यासाठी ट्रिगरमध्ये वेगळी सोय करावी लागते.